रंगभूमीवरचे म्हातारपण



'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकलेली आहे. नाठी म्हणजे पळून गेलेली. माणूस साठीला टेकला की त्याची बुद्धी त्याला सोडून जाते, एवढाच तिचा अर्थ. म्हण ऐकली की आपण हसतो, आणि पारावर बसलेले आजोबाही आपल्याबरोबर हसतात. पण ज्या घरातून ती बुद्धी खरोखरीच निघून गेलेली असते, त्या घरात ही म्हण कुणी उच्चारीत नाही. त्या घरात हसू येत नाही.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. निवृत्त झाल्यावर पुष्कळ वर्षे ते ठणठणीत होते. मग हळूहळू विसरू लागले. सकाळी टोपी घालून शाळेच्या वाटेला लागायचे, जेवण झाल्यावर 'अजून पाने वाढली नाहीत का?' म्हणून विचारायचे. इथपर्यंत आम्ही निभावून नेले. पण एके दिवशी ओसरीवर बसून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "सूनबाईने माझे पेन्शनचे पुस्तक चोरले." माझी पत्नी रडत स्वयंपाकघरात गेली. तासाभराने ते पुस्तक देव्हाऱ्यातल्या पोथ्यांच्या मागे, फडक्यात नीट गुंडाळलेले सापडले. ठेवले होते अण्णांनीच. मी, चारशे मुलांपुढे उभा राहून बोलणारा माणूस, त्यांच्या अंगावर ओरडलो, "अण्णा, तुम्हाला बोलताना काही वाटत नाही का?" त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि अगदी अदबीने विचारले, "आपण कुठले?"

जन्मभर मला 'अरे' म्हणणारा बाप मला 'आपण' म्हणाला. त्या एका शब्दाने मी गप्प झालो.

मी इतिहास शिकवतो. घरात संकट आले की ज्याला जे शस्त्र माहीत तेच तो हातात घेतो, तसे मी इतिहास चाळू लागलो. असे प्रसंग पूर्वीच्या लोकांवर आले तेव्हा त्यांनी काय केले, हे शोधताना मौज अशी दिसली, की राजांच्या बखरी आणि कायद्यांची पुस्तके यांच्यापेक्षा या बाबतीत नाटक मंडळ्यांनी अधिक सांगून ठेवले आहे. विसरणाऱ्या म्हाताऱ्याला चारचौघांसमोर आणण्याचे धाडस नाटकवाल्यांनी वारंवार केले. आज त्याचीच हकीकत सांगावयाची आहे.

पहिली गोष्ट जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची, ग्रीस देशातल्या अथेन्स नगरातली. तिथे सोफोक्लीझ नावाचा थोर नाटककार होऊन गेला. तो नव्वदीच्या घरात जाईपर्यंत जगला आणि शेवटपर्यंत लिहीत राहिला. त्याच्याविषयी एक कथा रोमन पंडित सिसेरो याने आपल्या म्हातारपणावरील ग्रंथात इ. स. पूर्व ४४ च्या सुमारास लिहून ठेवली आहे. सोफोक्लीझ लिहिण्यात गढून गेल्यामुळे घरच्या मालमत्तेकडे दुर्लक्ष करतो, अशी त्याच्या मुलांची समजूत झाली. ते न्यायाधीशांकडे गेले आणि म्हणाले, की आमच्या बापाची बुद्धी चळली आहे, तेव्हा कारभार त्याच्या हातून काढून घ्यावा. म्हाताऱ्याने वकील दिला नाही. नुकतेच लिहिलेले आपले नाटक त्याने काढले, न्यायाधीशांना वाचून दाखविले आणि विचारले, "चळलेल्या माणसाचे हे काम वाटते का?" न्यायाधीशांनी त्याला मोकळे केले.

ही कथा जशीच्या तशी घडली असेल असे पुष्कळ विद्वान मानीत नाहीत. पण ते नाटक खरे आहे. 'इडिपस कोलोनसमध्ये' हे त्याचे नाव. आंधळा, म्हातारा, घराबाहेर काढलेला राजा मुलीच्या खांद्यावर हात ठेवून परक्या गावाच्या वेशीशी येतो, अशी त्याची सुरुवात आहे. सोफोक्लीझच्या मृत्यूनंतर, इ. स. पूर्व ४०१ मध्ये, त्याच्या नातवाने ते रंगभूमीवर आणले. मुलांनी कोर्टात ओढल्याची कथा आणि नातवाने नाटक उभे केल्याची हकीकत, दोन्ही एकाच घरातल्या आहेत, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या कथेत वाद बुद्धीचा दिसतो, पण मूळ भांडण मालमत्तेचे आहे. म्हातारा विसरू लागला की घरात पहिला प्रश्न उठतो तो औषधाचा नव्हे. सातबारा कुणाच्या नावावर करावयाचा, हा.

आता दोन हजार वर्षे ओलांडून इंग्लंडात येऊ. १६०३ साली केंट परगण्यात ब्रायन ॲनेस्ली नावाचे एक वृद्ध गृहस्थ होते. राणी एलिझाबेथच्या पदरी त्यांनी चाकरी केली होती. त्यांच्या थोरल्या मुलीच्या बाजूने असा प्रयत्न झाला, की बापाला कायद्याने वेडा ठरवावे, म्हणजे मिळकतीची व्यवस्था आपल्या हाती येईल. ॲनेस्लींची धाकटी मुलगी अविवाहित होती. तिने राज्याचे मंत्री रॉबर्ट सेसिल यांना पत्र लिहिले. माझ्या वडिलांनी राणीची इतकी वर्षे सेवा केली, त्यांच्या नावापुढे शेवटी 'वेडा' असा शिक्का बसू नये, अशी तिची विनंती होती. ते विस्मरणात गेले आहेत हे तिने नाकारले नाही. पण सांभाळ करणे निराळे आणि शिक्का मारणे निराळे, हे तिला कळत होते. या मुलीचे नाव कॉर्डेल.

त्यानंतर तीनच वर्षांनी, २६ डिसेंबर १६०६ रोजी, लंडनच्या राजवाड्यात शेक्सपिअरच्या नाटक मंडळीने राजा जेम्ससमोर 'किंग लियर' हे नाटक करून दाखविले. ऐंशी उलटलेला राजा राज्याची वाटणी करतो, गोड बोलणाऱ्या दोन थोरल्या मुलींना सर्व देतो, खरे बोलणाऱ्या धाकटीला हाकलतो आणि पुढे त्याच थोरल्या मुली त्याला वादळात बाहेर काढतात. धाकटीचे नाव कॉर्डिलिया. शेक्सपिअरने हे नाव त्याच जुन्या कथेतून घेतले होते, तेव्हा कॉर्डेलवरूनच त्याने कॉर्डिलिया रचली असे म्हणता येणार नाही. पण लंडनच्या त्या प्रेक्षकांत ॲनेस्लींची हकीकत ठाऊक असलेली माणसे असणे अगदी शक्य आहे.

या नाटकात वादळाचा प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. पण म्हाताऱ्या माणसाची देखभाल ज्याने केली आहे त्याने त्यापुढचा एक शांत प्रवेश वाचावा. लियर झोपेतून जागा होतो. आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही. अंगावरचे कपडे आपले वाटत नाहीत. रात्री कुठे निजलो ते आठवत नाही. समोर बसलेली बाई आपली मुलगी आहे असे वाटते, पण खात्री होत नाही. लोक हसतील म्हणून तो भीतभीत बोलतो. वैद्यकशास्त्राने या दुखण्याला नाव देण्याच्या तीनशे वर्षे आधी एका नाटककाराने ते इतके जवळून पाहिले होते.

पण लोकांना ते पाहवले का? नाही पाहवले. १६८१ साली नेहम टेट या लेखकाने लियरचा शेवट बदलला. राजा वाचतो, राज्य परत मिळते, धाकटीचे लग्न लागते, सारे गोड होते. ही गोड आवृत्तीच इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे चालली. १८३८ साली मॅक्रेडी या नटाने बव्हंशी मूळ नाटक पुन्हा उभे केले. त्याआधी १८१० पासून १८२० पर्यंत तर लंडनमध्ये हे नाटक झालेच नाही. कारण इंग्लंडचा खराखुरा राजा, तिसरा जॉर्ज, म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन विंडसरच्या वाड्यात बसून होता. घरातले दुःख झाकावे ही रीत केवळ आपल्या गावातली आहे असे नव्हे. राजवाड्यालाही तीच रीत.

आता आपल्याकडे वळू. मराठी नाटकाचा आरंभ १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी केला, हे शिक्षक मंडळींना ठाऊक आहेच. लियरची कथा मराठीत फार उशिरा आली असे नाही. शंकर मोरो रानडे यांनी १८८१ साली तिचे मराठी रूपांतर 'अतिपीडचरित' या नावाने केले. पण आपल्या रंगभूमीवर म्हातारा गाजला तो रडविणारा नव्हे, हसविणारा. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' किर्लोस्कर नाटक मंडळीने १८९९ साली रंगभूमीवर आणले. त्यातील भुजंगनाथ हा पोरीशी लग्न करायला निघालेला म्हातारा. त्याला हसणे योग्यच होते. देवलांनी त्या हसण्यातून समाजाच्या एका दुष्ट चालीवर बोट ठेवले. परंतु त्यानंतर पुष्कळ वर्षे आपल्या नाटकातला म्हातारा म्हटला की खोकणारा, कानाने बहिरा, काठी आपटणारा विनोदी म्हातारा, असे समीकरण होऊन बसले.

हे समीकरण मोडले २३ डिसेंबर १९७० रोजी. त्या दिवशी मुंबईच्या बिर्ला मातुश्री सभागृहात वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'चा पहिला प्रयोग झाला. ही मंडळी कोण होती? कुणा मालकाची मोठी कंपनी नव्हती. मुंबईत राहणाऱ्या गोमंतकीयांनी १९१९ साली 'दि गोवा हिंदु असोसिएशन' ही समाजसेवेची संस्था काढली होती, आणि तिच्या कला विभागाने हे नाटक केले. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे. आप्पा बेलवलकरांचे काम करणारे डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे शस्त्रवैद्य. डॉक्टरकी बाजूला ठेवून ते नुकतेच पूर्णवेळ नट झाले होते. आप्पांच्या पत्नीची, कावेरीची भूमिका शांता जोग यांनी केली.

आप्पा बेलवलकर हे निवृत्त झालेले थोर नट. ते सगळी मिळकत मुलाला आणि मुलीला वाटून देतात. पुढे मुलाच्या घरी जड होतात, मुलीच्या घरी जातात. तिथे पैसे नाहीसे होतात आणि पोटची मुलगी बापावर चोरीचा संशय घेते. घर सुटते, वाटेत पत्नी जाते, आणि रस्त्यावर बूटपॉलिश करणाऱ्या एका पोराच्या सोबतीला ते येऊन पडतात. शेवटी आपण जगलेले आयुष्य कोणते आणि आपण केलेल्या भूमिका कोणत्या, हेच त्यांच्या मनात एकमेकांत मिसळून जाते. हे नाटक लियरवरून सुचलेले आहे हे उघड आहे, पण त्यातले घर अगदी मराठी आहे. खेड्यापाड्यांतून, जत्रांतून, गणेशोत्सवांतून त्याचे प्रवेश होत राहिले. १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि २०१६ साली त्याच्यावर चित्रपट निघाला.

याच संस्थेने १९७३ साली जयवंत दळवींचे 'संध्याछाया' केले. तिथे कुणी दुष्ट नाही, मुले फक्त दूर आहेत. आणि रिकाम्या घरात नाना आणि नानी दिवस मोजीत बसले आहेत. पुढे १९८५ साली महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' आले. विदर्भातल्या मोडकळीला आलेल्या वाड्यात एक म्हातारी दादी आहे. ती वरचेवर किती वाजले म्हणून विचारते. घरातला कर्ता मुलगा गेला आहे, आणि ती आपली वेळ विचारीत आहे. ज्यांच्या घरात अशी आजी आहे त्यांना त्या एका प्रश्नात सारे घर दिसले.

गोवा हिंदु असोसिएशनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. ज्या संस्थेने 'नटसम्राट' आणि 'संध्याछाया' रंगभूमीवर आणली, तिनेच पुढे गोव्यात फोंड्याजवळ बांदोडे येथे 'स्नेहमंदिर' हा वृद्धांचा आश्रम चालविला. नाटकांची निर्मिती पाहणारे रामकृष्ण नायक त्या कामात जाऊन बसले. नाटकातून काय होते, असे विचारणारे लोक पुष्कळ असतात. त्यांना मी हे एक उदाहरण देतो. पडदा पडल्यावर टाळ्या घेऊन घरी जाता येते. ही मंडळी घरी न जाता त्या प्रश्नाच्या दारात जाऊन उभी राहिली.

तरीसुद्धा एक गोष्ट मनात राहते. अथेन्सपासून 'नटसम्राट'पर्यंत या कथा पाहिल्या तर प्रत्येकीत एक आरोपी हुडकलेला दिसतो. सोफोक्लीझची मुले लोभी, लियरच्या मुली निर्दय, आप्पांची मुलगी संशयी. हे आरोप खरे असतात. अशी मुले असतात. पण आमच्या घरात लोभी कुणी नव्हते. माझ्या पत्नीने अण्णांचे काहीही घेतले नव्हते. मग चूक कुणाची? 'नटसम्राट' पाहून मला रडू आले, पण ओसरीवरच्या त्या दुपारचे उत्तर त्यात नव्हते. त्या उत्तरासाठी नाटकगृह सोडून एका इस्पितळात जावे लागते.

जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात २५ नोव्हेंबर १९०१ रोजी ऑगस्टे डेटर नावाच्या एका बाईला तिच्या नवऱ्याने वेड्यांच्या इस्पितळात आणून सोडले. बाई म्हातारी नव्हती, अवघी ५१ वर्षांची होती. तिचा नवरा रेल्वेत कारकून होता. तिला घरातले काही आठवेना, नवऱ्यावर ती भलते संशय घेऊ लागली, वस्तू लपवून ठेवू लागली. तिथल्या डॉक्टरांचे नाव आलोइस अल्झायमर. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याजवळ बसून प्रश्न विचारले आणि उत्तरे लिहून घेतली. तुमचे नाव? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचे नाव? तरीही ऑगस्टे. ती मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खाता म्हणून विचारले तर पालक म्हणाली. नाव लिहायला दिले तर अर्ध्यावर थांबली. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे ती काही बोलली, तेही त्यांनी टिपून ठेवले.

१९०६ साली एप्रिल महिन्यात ती वारली. अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात निराळ्याच गाठी आणि गुंते दिसले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथे मानसरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी ही हकीकत सांगितली. सभेत कुणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली त्यांचे वरिष्ठ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला 'अल्झायमरचा रोग' असे नाव दिले. अल्झायमर यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले ऑगस्टेबाईंचे मूळ कागद १९९५ साली फ्रँकफुर्टमध्ये पुन्हा सापडले.

स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, त्याची कारणे अनेक आहेत. अल्झायमरचा रोग हे त्यांतले सर्वांत मोठे. मुख्य मुद्दा असा, की हे मेंदूचे दुखणे आहे. म्हातारपणाचा खोडसाळपणा नाही, बाहेरची बाधा नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही आणि सुनेचे वागणेही नाही. स्वतः ठेवलेली वस्तू कुठे ठेवली हे आठवत नाही, आणि ठेवली होती हेही आठवत नाही. मग वस्तू तर जागेवर नाही! माणूस आपल्या परीने अगदी तर्काने विचार करतो, की ती कुणीतरी नेली. घरात सर्वांत जवळ असते ती सून, म्हणून आळ तिच्यावर येतो. जी सर्वांत अधिक सेवा करते तीच चोर ठरते.

ही गोष्ट रंगभूमीने कशी दाखविली ते आता सांगतो. फ्लोरियन झेलेर या फ्रेंच लेखकाचे 'बाप' या अर्थाच्या नावाचे नाटक २०१२ साली पॅरिसमध्ये झाले. २०१४ साली त्याचा इंग्रजी प्रयोग इंग्लंडात बाथ या गावी, सव्वाशेच्या आसपास खुर्च्यांच्या एका चिमुकल्या नाट्यगृहात झाला. आणि २०१७ साली मुंबईत 'मॉटली' या छोट्या नाटक मंडळीने ते इंग्रजीतून केले. ही मंडळी नसीरुद्दीन शाह, बेंजामिन गिलानी आणि टॉम ऑल्टर यांनी काढली. मोठमोठे देखावे नाहीत, मोजकी माणसे, भर सारा शब्दावर आणि अभिनयावर, अशी तिची रीत. शाह यांनीच हे नाटक बसविले आणि म्हाताऱ्याचे काम केले. पुढे २०२० साली त्याचा इंग्रजी चित्रपट निघाला, आणि त्यातील भूमिकेसाठी अँथनी हॉपकिन्स यांना ८३ व्या वर्षी ऑस्कर पारितोषिक मिळाले.

कथा साधी आहे. ऐंशीचा एक बाप आहे, त्याला सांभाळणारी मुलगी आहे. बापाचे घड्याळ सापडत नाही, आणि कामाला ठेवलेल्या बाईने ते चोरले असे तो म्हणतो. घड्याळ असते त्यानेच लपविलेल्या जागी. 'नटसम्राट'मध्ये आळ बापावर येतो, इथे बाप आळ घेतो. पण खरी करामत पुढे आहे. एका प्रवेशात मुलीचे काम एक नटी करते, आणि पुढच्या प्रवेशात दुसरीच नटी येऊन म्हणते, 'मीच तुमची मुलगी.' प्रत्येक अंधारानंतर खोलीतले एखादे सामान नाहीसे झालेले असते. घर बापाचे की मुलीचे, हे आपल्यालाही कळेनासे होते. प्रेक्षक गोंधळतो, आपल्या शेजाऱ्याला विचारतो, 'ही कोण? मघाशी निराळी होती ना?' आणि तेवढ्यात त्याच्या ध्यानात येते, की म्हाताऱ्याला हेच तर रोज होत आहे.

लियर पाहताना आपण म्हाताऱ्याकडे पाहतो. इथे आपण म्हाताऱ्याच्या डोळ्यांनी पाहतो. अडीच हजार वर्षांत रंगभूमी एवढे चालली. 'चूक कुणाची' हा प्रश्न तिने बाजूला ठेवला आणि 'त्याला दिसते तरी कसे' हा प्रश्न पुढे आणला. मला माझ्या ओसरीवरच्या दुपारचे उत्तर इथे मिळाले.

याला मोठी रंगभूमी लागत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. आमच्या महाविद्यालयातल्या आठ-नऊ मुलामुलींनी याच कल्पनेवर पंचवीस मिनिटांची एक नाटिका स्वतः रचली. आजीची खोली, तिच्यात बाज, कंदील, पाण्याचा तांब्या, खुंटीवर लुगडे. दर प्रवेशानंतर एक वस्तू उचलावयाची. सुनेचे काम दोन मुलींनी आळीपाळीने करावयाचे. एका खेड्यात शाळेच्या पटांगणावर आम्ही ती केली. पडदा नव्हता, तेव्हा दिवा मालवून प्रवेश बदलत होतो. आजी सुनेवर चोरीचा आळ घेते तेव्हा लोक मोठ्याने हसले. दुसरी सून आली तेव्हा कुजबुज झाली. शेवटी रिकाम्या जागेत आजी एकटीच उरली आणि 'माझी आई कुठे आहे?' म्हणून विचारू लागली, तेव्हा पटांगण गप्प झाले होते.

सामान आवरताना एक बाई पदर सावरीत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "सर, आमच्या सासूबाई म्हणतात मी त्यांच्या पाटल्या चोरल्या. सहा महिने झाले, मी त्यांच्याशी बोलत नाही. भाकरी पुढे ठेवते आणि निघून येते. हे दुखणं असतं, हे आजवर कुणी सांगितलंच नाही." मी काय सांगणार? मलाही ते उशिराच कळले होते. एवढेच म्हणालो, "आज घरी गेल्यावर त्यांच्याजवळ थोडा वेळ बसा."

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे, की अशी एखादी नाटिका गॅदरिंगला जरूर बसवावी. भारतात साठीच्या पुढच्या माणसांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीतून निघाला आहे. शंभर म्हाताऱ्या माणसांच्या गावात सात घरे धरून चाला. नाटिका संपल्यावर चार गोष्टी गावकऱ्यांना सांगाव्यात.

पहिली, विसराळूपणा वाढू लागला की डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईड बिघडल्याने किंवा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडल्यानेही विस्मरण होते, आणि ते औषधाने सुधारू शकते. दुसरी, वाद घालू नये. 'तुम्हीच ठेवलं होतं' असे दहादा सांगून काही सिद्ध होत नाही. 'चला, आपण दोघं शोधू' म्हणावे. तिसरी, घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नयेत. त्या जागांच्या आधारानेच ते माणूस उभे असते. चौथी गोष्ट जमिनीची. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला आहे. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि पुढे सांभाळले नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येते. म्हणून बक्षीसपत्र करताना ती अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. हा कायदा सोफोक्लीझला मिळाला नाही आणि आप्पा बेलवलकरांनाही नव्हता. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना तो आहे, पण ठाऊक नाही.

अण्णा आता नाहीत. शेवटच्या दीड-दोन वर्षांत ते मला रोजच 'आपण कुठले?' म्हणून विचारीत. आरंभी मी सांगत असे, 'अण्णा, मी तुमचा मुलगा.' त्यावर ते घाबरत, कारण मुलाला ओळखले नाही ही चूक त्यांच्या पदरी पडे. जन्मभर मुलांच्या चुका तपासलेला माणूस तो, त्याला स्वतःची चूक सहन होत नसे. पुढे मी उत्तर बदलले. ते विचारीत, "आपण कुठले?" मी म्हणे, "मी इथलाच."

"बरं झालं," ते म्हणत, "बसा मग थोडा वेळ."

आणि आम्ही दोघे ओसरीवर बसत असू.